पाच बोटं आणि एक तार

१९८९ सालची गोष्ट. मी तेव्हा एका कारखान्याच्या पगार विभागात संगणकाचं काम पाहत होतो. ‘पाहत होतो’ म्हणायचं, कारण संगणक एकच होता आणि तो कळणारा माणूसही एकच होता, तो म्हणजे मी. पंखा नसलेल्या खोलीत वातानुकूलन यंत्र बसवलं होतं, आणि ते माझ्यासाठी नसून संगणकासाठी आहे याची आठवण साहेब अधूनमधून करून देत असत.

या संगणकाचा प्रिंटर फार ओरडायचा. पगाराच्या दिवशी त्याचं करकर, करकर सकाळी सुरू व्हायचं ते संध्याकाळपर्यंत. शेजारच्या टेबलांवरून तक्रारी यायला लागल्या, तेव्हा साहेबांनी तो खालच्या मजल्यावर, रोखपालाच्या खिडकीशेजारी हलवायला सांगितलं. मी आनंदाने हो म्हणालो. प्रिंटरची केबल जेमतेम दोन मीटरची होती. बाजारात जाऊन पन्नास फुटांची नवी बनवून घेतली. पंचवीस पिनांचा तो रुंद जोड, आत तारांचा जुडगा. भिंतीला भोक पाडून ती खाली उतरवली, छापून पाहिलं, कागदावर अक्षरं उमटली. मी समाधानाने चहा प्यायलो.

पगाराच्या दिवशी दुपारी खिडकीवर गलका झाला. एक कामगार सही करायला तयार नव्हता. त्याच्या चिठ्ठीवर आकडा होता १,६४० आणि हातात पडले होते १,२४०. मधले चारशे कोणी खाल्ले, असा त्याचा सरळ प्रश्न होता. रोखपालाने रजिस्टर दाखवलं. तिथे १,२४० होते. पण तो माणूस रजिस्टर कशाला मानेल? संगणक चुकत नाही, हे आम्हीच त्याला वर्षभर सांगत आलो होतो. मग दुसऱ्याने आपली चिठ्ठी पाहिली, तिसऱ्याने पाहिली. कुणाच्या नावात इंग्रजी ‘ए’च्या जागी ‘ई’ पडला होता, कुणाचा दोनाचा सहा झाला होता. सगळीकडे नाही. एका पानावर बरोबर, दुसऱ्यावर चूक. त्या दिवशी पगारवाटप थांबलं, आणि ते माझ्या केबलमुळे थांबलं.

रात्री अक्षरांच्या संकेतांचं कोष्टक घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. संगणकात प्रत्येक अक्षर म्हणजे शून्य आणि एक यांची एक ओळ. प्रिंटरकडे ती आठ तारांवरून एकदम जाते, प्रत्येक तारेवर एक शून्य किंवा एक. दोनाचा सहा व्हायला त्यातली फक्त तिसरी तार चुकावी लागते. ‘ए’चा ‘ई’ व्हायलाही नेमकी तीच. आठ तारांपैकी सात जणी इमानेइतबारे काम करत होत्या. तिसरी मात्र पन्नास फुटांच्या प्रवासात शेजारणींच्या कुजबुजीने बिथरत होती, आणि एका माणसाच्या पगारात चारशे रुपयांची भर घालत होती.

एका अनुभवी तंत्रज्ञाने उपाय सांगितला तो मला तेव्हा अपमानास्पद वाटला. त्याच्या मते ही आठ तारांची ‘पॅरलल’ जोडणी काढून टाकायची, प्रिंटरला ‘सीरियल’ कार्ड बसवायचं आणि सगळी अक्षरं एकाच तारेवरून, एका बिटामागे एक बिट अशी पाठवायची. आठ तारा सोडून एक? आठपदरी रस्ता सोडून पायवाट? पण तसं केलं. संगणकाला आज्ञा दिली, बॉड रेट १२००. छपाई थोडी मंदावली. पण त्यानंतर मी तिथे होतो तोवर दोनाचा सहा पुन्हा कधी झाला नाही.

या सगळ्यात एक शब्द मनात अडकून राहिला: बॉड. हे काय आहे? सेकंदाला किती खुणा तारेवर जातात त्याचं माप, एवढं पुस्तकात होतं. पण शब्द कुठला? माझे मामा तार खात्यातून निवृत्त झाले होते. टेलिप्रिंटरच्या खोलीत त्यांची वर्षं गेली होती. रविवारी त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं. ते हसले. बॉड हा शब्द नसून माणूस आहे, असं त्यांनी सांगितलं. फ्रेंच माणूस, नावाचा उच्चार बोदो, आणि तोही आपल्यासारखाच तार खात्यातला नोकर. मग कपाटातून एक पिवळी पडलेली कागदी पट्टी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. तिच्यावर आडव्या रांगेत पाच-पाच छिद्रांच्या जागा होत्या, काही पाडलेल्या, काही कोऱ्या. ती छिद्रं बोटाने चाचपत त्यांनी माझं नाव वाचून दाखवलं. मी जन्मलो त्या दिवशी त्यांनी ते कचेरीत पाडून ठेवलं होतं.

तेव्हापासून या बोदोच्या मागे मी जमेल तसा लागलो. जे हाती आलं ते आज सांगावंसं वाटतं.

झाँ-मॉरीस-एमिल बोदो ११ सप्टेंबर १८४५ रोजी फ्रान्सच्या ईशान्येकडील ओत-मार्न जिल्ह्यात, मान्यू नावाच्या खेड्यात जन्मला. बाप शेतकरी. मुलाचं शिक्षण गावच्या प्राथमिक शाळेपुरतं झालं, पुढे नाही. बापाबरोबर तो शेतात राबू लागला. पॅरिसमध्ये त्या काळात गणिताच्या आणि अभियांत्रिकीच्या मोठमोठ्या शाळा होत्या, त्यांतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या हाती देशातले पूल, रेल्वे आणि तारा असत. बोदो त्यांतला नव्हता. १८६९ साली, चोविसाव्या वर्षी, तो तार खात्यात शिकाऊ तारवाला म्हणून लागला. शेतातून सुटायची वाट त्याला सापडली ती ही. आपल्याकडेही कितीतरी घरांनी ती वाट पुढे धरली.

वर्षभरात फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलं. बोदो काही काळ सैन्यात जाऊन आला. पुन्हा कामावर रुजू झाला आणि पॅरिसला आला. खात्याने त्याला ह्यूजच्या यंत्रावर शिकवून तयार केलं होतं. हे यंत्र मोठं हुशार होतं. दोन्ही टोकांना अक्षरांची चाकं एकाच वेगाने फिरत असत, पियानोसारखी पट्टी दाबली की नेमक्या क्षणी एक विजेचा ठोका जाई आणि पलीकडे छापील अक्षर उमटे. पण एका अक्षरासाठी एक ठोका, आणि तो ठोका सोडला तर उरलेला सारा वेळ तार रिकामी. दिवसभर त्या यंत्रापुढे बसणाऱ्या बोदोला ही रिकामी तार दिसू लागली. वरच्या साहेबांना खात्याचे ताळेबंद दिसत, त्याला ती दिसे.

इथे थोडं मागे जायला हवं. एकदम पाठवायचं की एकामागून एक, हा वाद संगणकापेक्षा जुना आहे, तो तारेइतका जुना आहे. १८०९ साली म्युनिकच्या झ्यॉमरिंगने विजेने संदेश पाठवायचं यंत्र केलं, त्यात ३५ तारा होत्या. प्रत्येक अक्षराला आणि आकड्याला स्वतंत्र तार. पलीकडच्या भांड्यात ज्या तारेपाशी बुडबुडे उठतील ते अक्षर. समजायला किती सोपं! पण पन्नास मैलांवर न्यायचं तर ३५ तारा न्याव्या लागणार. १८३७ साली इंग्लंडात कुक आणि व्हीटस्टन यांनी पाच सुयांचं यंत्र काढलं. पाटीवर अक्षरांची शंकरपाळ्यासारखी मांडणी, पाचांपैकी दोन सुया वळल्या की त्या एका अक्षराकडे बोट दाखवत. कोणाही अडाण्याला वाचता येई. १८३९ पर्यंत ते लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकापासून १३ मैलांवरच्या वेस्ट ड्रेटनपर्यंत चालू झालं. पण जितक्या तारा, तितके बिघाड. तारांवरचं आवरण टिकेना. १८४३ मध्ये ही लाइन पुढे स्लाउपर्यंत गेली तेव्हा सुया पाचाच्या दोन झाल्या होत्या. यंत्र सोपं राहिलं नाही, माणसाला संकेत पाठ करावे लागले. पण तारा वाचल्या.

मोर्सने तर एकच तार ठेवली. छोटा ठोका, लांब ठोका, एकामागून एक. सगळी अक्कल यंत्रातून काढून तारवाल्याच्या कानात आणि मनगटात घातली. म्हणून तारवाला मोठा कसबी माणूस झाला. पण माणसाचं मनगट मिनिटाला किती चालणार? हात चांगला बसलेला माणूसही पंचवीस-तीस शब्दांच्या फार पुढे जात नाही. विजेला मात्र त्याहून कितीतरी अधिक वाहून नेता येतं. खांब रोवायचे, तांब्यालोखंडाच्या तारा ओढायच्या, यात अफाट पैसा घालायचा आणि त्या तारेवर एका माणसाचं एक मनगट चालवायचं, अशी ती स्थिती होती.

बोदोने १८७४ च्या जूनमध्ये पेटंट घेतलं ते या कोड्यावरचं उत्तर होतं. यातला प्रत्येक भाग त्याचा स्वतःचा होता असं नाही. पाच खुणांनी एक अक्षर ही कल्पना जर्मनीत गाऊस आणि वेबर यांनी आधीच वापरली होती. प्रत्येक खूण आहे किंवा नाही, अशा पाच खुणांची बत्तीस रूपं होतात, मुळाक्षरांना ती पुरतात. एक तार चौघांनी वाटून घ्यायची युक्ती मेयर नावाच्या फ्रेंच माणसाने दोनतीन वर्षं आधी दाखवली होती. दोन टोकांची चाकं एका लयीत ठेवणं ह्यूजने साधलं होतं. बोदोने या तिन्ही गोष्टी एकत्र बांधल्या.

त्याने तारवाल्यापुढे फक्त पाच पट्ट्या ठेवल्या. दोन डाव्या हाताच्या बोटांना, तीन उजव्या. अक्षर म्हणजे या पाचांपैकी काही पट्ट्या एकदम दाबायच्या, हार्मोनियमवर सूर धरावा तशा. म्हणजे हाताशी सगळं ‘पॅरलल’. पण या पाच पट्ट्यांपासून पाच तारा दूरवर जात नाहीत. त्या येतात जवळच्या एका तबकडीवर. तबकडीच्या कडेने तांब्याचे छोटे छोटे तुकडे बसवलेले, आणि त्यांच्यावरून धातूची एक कुंची गोल फिरते. कुंची पहिल्या तुकड्यावर आली की पहिल्या पट्टीची खूण तारेवर जाते, दुसऱ्यावर आली की दुसरीची. पाच बोटांनी एकदम मांडलेलं अक्षर तारेवर एकामागून एक चालू लागतं. शेकडो मैल पलीकडे तशीच तबकडी, तशीच कुंची, त्याच लयीत फिरत असते. ती आलेल्या खुणा एकेक करून पाच विद्युतचुंबकांत वाटून ठेवते. पाचही जागा भरल्या की यंत्र त्यांचं पुन्हा एक अक्षर करतं आणि पट्टीवर छापतं. पुन्हा ‘पॅरलल’.

आणि कुंचीचा फेरा एका माणसासाठी संपत नाही. चौघांचं यंत्र घ्या. तबकडीच्या चार भागांत चार तारवाले. जुन्या वाड्यात एकच नळ असे आणि चार बिऱ्हाडं पाळीपाळीने पाणी भरत. नळ क्षणभरही कोरडा राहत नसे, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला वाटे की नळ आपलाच आहे. बोदोच्या तारेचं तसंच होतं. कुंची मिनिटाला १८० फेरे घेई. दर फेऱ्याला प्रत्येकाचं एक अक्षर, म्हणजे प्रत्येकी मिनिटाला सुमारे तीस शब्द आणि चौघांचे मिळून १२०. तार तीच, खांब तेच.

किंमत एकच होती, ती म्हणजे ताल. कुंची आपल्या भागावर यायच्या आत बोटं दाबलेली हवीत. प्रत्येक फेऱ्याला यंत्र तारवाल्याला टक् असा इशारा देई आणि त्या ठेक्यावर त्याने पुढचं अक्षर मांडायचं. सेकंदाला तीन. लवकर नाही, उशिरा नाही. आणि दोन टोकांच्या कुंच्याही एकमेकींपासून सुटता कामा नयेत. त्यासाठी तबकडीवर काही तुकडे अक्षरांसाठी न ठेवता केवळ दुरुस्तीसाठी राखलेले होते. दर फेऱ्याला तिथून एक खूण जाई आणि पलीकडची कुंची पुढेमागे झाली असेल तर तिला जागेवर आणी. चौघांच्या तबकडीवर असे २४ तुकडे, २० अक्षरांचे आणि ४ लयीचे. म्हणजे सहावा हिस्सा वेळ बोदोने केवळ ताल सांभाळण्यासाठी खर्ची टाकला होता. माझ्या पन्नास फुटी केबलीत आठ तारा होत्या, पण शेवटच्या फुटापर्यंत त्यांना सांभाळून घेणारं कोणी नव्हतं.

१२ नोव्हेंबर १८७७ रोजी पॅरिस ते बोर्दो या लाइनीवर यंत्राची परीक्षा झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिस ते रोम, १,७०० किलोमीटरच्या तारेवर ते चालू झालं. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात बोदोला सुवर्णपदक मिळालं. शेतकऱ्याचा प्राथमिक शाळा शिकलेला मुलगा, वय तेहेतीस. गोष्ट इथे संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकात शोभली असती.

पण खात्याने त्याला मदत फारशी केली नाही. प्रयोगांचा खर्च अनेकदा त्याने पदरचाच केला, आणि त्यासाठी ते सुवर्णपदकही विकलं. पुढे बढत्या मिळाल्या, १८८२ मध्ये तो निरीक्षक-अभियंता झाला. पण नोकरीच्या सुरुवातीपासून त्याची प्रकृती नाजूक होती. अधूनमधून आजारी रजा पडत, एकदा तर महिनाभराची. हे दुखणं आयुष्यभर सुटलं नाही.

त्यात कज्जा उभा राहिला. तार खात्यातच लुई व्हिक्टर मिमो नावाचा माणूस होता. त्यानेही १८७४ सालीच पाच खुणांच्या छापील तारेचं पेटंट घेतलं होतं. बोदोने आपली कल्पना उचलली, असं म्हणत तो न्यायालयात गेला. एका निकालात मिमोचा अग्रहक्क मान्य झाला. तो निकाल पुढे फिरला आणि खर्चाचा बोजाही मिमोवर पडला. इथून त्या माणसाचा तोल गेला. त्याने सरकारकडे मोठ्या भरपाईची आणि मानसन्मानाची मागणी केली. ती तपासणाऱ्या समितीच्या प्रमुखपदी ज्यूल रेनो हा तारशास्त्रातला जाणता अधिकारी होता. समितीने मागणी फेटाळली. १८८८ साली मिमोने रेनोला गोळी घालून ठार केलं आणि तो शिक्षेवर गेला.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. कोणी आधी शोधलं? दोघंही एकाच खात्यातले, एकाच रिकाम्या तारेकडे पाहणारे. मिमोला पाच खुणा सापडल्या होत्या, यात मला शंका वाटत नाही. पण पाच खुणा म्हणजे बोदोचं यंत्र नव्हे. त्याचं खरं काम होतं फिरत्या तबकडीचं, चौघांच्या पाळीचं आणि राखून ठेवलेल्या चार तुकड्यांचं. त्या भांडणाशी काही देणंघेणं नसलेला रेनो मात्र जिवानिशी गेला.

१८९० च्या जानेवारीत, पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, बोदोने लग्न केलं. तीन महिने होतात न होतात तोच, एप्रिलमध्ये, पत्नी वारली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने पॅरिस, व्हान आणि लोरियाँ ही तीन गावं एकाच तारेवर जोडली. १८९४ मध्ये पॅरिस आणि मिलान इथले शेअरबाजार असेच एका तारेने बांधले. त्या चार वर्षांत घरी त्याचं काय चाललं होतं, ते कामाच्या नोंदींतून कळत नाही. एवढंच दिसतं की तो काम करत राहिला. २८ मार्च १९०३ रोजी पॅरिसजवळच्या सो इथे तो गेला. वय ५७.

त्याच्यामागे यंत्र वाढत गेलं. न्यूझीलंडच्या डोनाल्ड मरे याने पाच खुणांची मांडणी बदलली. बोदोने ती बोटांना सोपी जावी अशी केली होती. मरेने टंकलेखन यंत्रासारखा कळफलक आणला, त्यामुळे बोटांचा प्रश्न उरला नाही. मग त्याने जास्त लागणाऱ्या अक्षरांना कमी छिद्रं दिली, म्हणजे यंत्र कमी झिजेल. त्यातूनच टेलिप्रिंटरचा संकेत आला. आपल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत रात्रभर खडखडणारी ती यंत्रं ५० बॉडने चालत, मिनिटाला साधारण ६६ शब्द. आपण सकाळी चहाबरोबर वाचलेल्या कितीतरी बातम्या त्या पाच खुणांतूनच आल्या.

१९२६ साली तारेच्या वेगाच्या मापाला बोदोचं नाव सुचवलं गेलं. त्याचं स्वतःचं चौघांचं यंत्र या मापाने मोजलं तर सेकंदाला तीन फेरे गुणिले २४ तुकडे, म्हणजे ७२ बॉड. पण नावाची कटकट मेल्यावरही सुटली नाही. नव्वदीच्या आसपास बाजारात मॉडेम आले, त्यांच्या खोक्यांवर २४०० बॉड असं लिहिलेलं असे. ते चूक होतं. टेलिफोनच्या तारेवर त्या मॉडेमच्या खुणा सेकंदाला ६०० च जात, फक्त प्रत्येक खुणेत चार बिटं कोंबलेली असत. २४०० ही बिटं, ६०० हे बॉड. मीही कित्येक वर्षं तेच चुकीचं बोलत आलो.

आता माझ्या अपमानाकडे वळतो. त्या काळी आम्हा सगळ्यांची समजूत पक्की होती की ‘पॅरलल’ म्हणजे वेगवान आणि ‘सीरियल’ म्हणजे गरिबाचं. पुढे काय झालं ते डोळ्यांदेखत पाहिलं. संगणकाच्या पोटात डिस्कला जोडणारी रुंद चपटी पट्टी असायची. वेग वाढवायचा म्हणून तिच्यात ४० च्या ८० तारा झाल्या. जादा ४० तारांवरून एकही अक्षर जात नव्हतं, त्या फक्त शेजारणींना एकमेकींपासून दूर ठेवत. इतकं करून लांबी दीड फुटावर थांबली आणि वेग सेकंदाला १३३ मेगाबाइटवर. २००३ साली तिच्या जागी सात तारांची बारीक केबल आली, एका बिटामागे एक बिट पाठवणारी. ती पहिल्याच पावलाला १५० मेगाबाइट देऊ लागली, आणि मीटरभर लांब जाऊ लागली. प्रिंटरचा पंचवीस पिनांचा जोडही गेला, तिथे १९९६ मध्ये आलेला यूएसबी बसला. त्याच्या नावातच ‘सीरियल’ आहे.

असं का झालं? पाच मित्र हातात हात धरून पर्वतीच्या पायऱ्या चढू लागले तर सावकाश चढताना काही अडत नाही. पळायला लागले की एकाचा पाय पुढे, एकाचा मागे, आणि शेवटच्यासाठी सगळ्यांना थांबावं लागतं. तारांचं तसंच आहे. सेकंदाला दीडशे कोटी बिटं जाऊ लागली की एका बिटाच्या अवधीत वीज तारेतून जेमतेम तेरा सेंटिमीटर पुढे सरकते. दोन तारांच्या लांबीत किंचित फरक पडला तरी एकीवर पहिलं अक्षर असतं आणि दुसरीवर दुसरं. एकामागून एक चढणाऱ्यांना ही भानगड नसते, ते बेलाशक पळू शकतात. फक्त ताल कळला पाहिजे, आणि आताच्या केबलींत तो ताल बिटांमध्येच गुंफून पाठवतात. बोदोच्या चार तुकड्यांचंच हे नवं रूप.

म्हणून ‘पॅरलल’ हरलं असं मात्र म्हणता येणार नाही. संगणकाचा मेंदू आतून आजही एकदम चौसष्ट-चौसष्ट बिटांचा हिशेब करतो, आणि शेजारच्या स्मृतीशी तो अनेक तारांवरूनच बोलतो. तिथलं अंतर काही सेंटिमीटरांचं असतं. जवळ असेल तर सगळ्यांनी मिळून, लांब जायचं असेल तर एकेकाने आणि तालात, अशी ती विभागणी आहे. पाच पट्ट्या आणि एक तार अशी ती बोदोने १८७४ मध्ये केली होती. आम्ही मधे काही काळ ती विसरलो, आणि मी ती विसरलो त्याचा भुर्दंड एका कामगाराच्या मनस्तापाने भरला गेला.

मामा आता नाहीत. १५ जुलै २०१३ पासून आपल्या देशातली तारसेवाही नाही. पट्टी मात्र माझ्याकडे आहे, शब्दकोशात ठेवलेली. तिच्याकडे पाहिलं की दोन्ही गोष्टी दिसतात. आडवी पाहिली की पाच छिद्रं एकदम भेटतात, एक अख्खं अक्षर. उभी धरली की अक्षरामागे अक्षर चालत राहतं. परवा नातीने ती पाहिली आणि हे काय, म्हणून विचारलं. तिच्या हातात फोन होता, त्याला यूएसबीची केबल लावलेली. मी तिचं बोट धरून त्या छिद्रांवरून फिरवलं, आणि माझं नाव वाचून दाखवलं.